सतरा सप्टेंबरला आम्ही कुठे बसायचं?

पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभं राहा आणि लोकांना गाव विचारा. लातूर, धाराशिव, नांदेड, बीड, परभणी ही नावं कानावर येणारच. थेरगाव-काळेवाडीपासून भोसरी, चिखली, मोशी आणि पुढे चाकणपर्यंत मराठवाडा पसरलेला आहे. त्यामुळे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन इथेही साजरा होतो. सकाळी झेंडावंदन, स्वामी रामानंद तीर्थांच्या तसबिरीला हार, एखाद्या पाहुण्याचं भाषण, मग चहा-पोहे. चांगली गोष्ट आहे. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसांना आपल्या भागाचा इतिहास आठवावासा वाटतो, यात कोणाला खटकण्यासारखं काही नाही.

खटकतं ते त्याच आठवड्यात मोबाइलवर फिरतं. शॉपच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर 'रझाकारांची औलाद' असले मेसेज येतात. त्या ग्रुपवर उदगीरचा किंवा औशाचा एखादा मुसलमान पोरगा असतोच. मेसेज पुढे ढकलणारा बहुतेक वेळा त्याच्याच लाइनवरचा, त्याच्याच जिल्ह्यातला, डब्यातली भाजी वाटून घेणारा असतो. पोरगा मेसेज वाचतो आणि फोन खिशात टाकतो. झेंडावंदनाला तो जात नाही. त्याला कोणी नको म्हटलेलं नसतं. पण भाषणात कधी काय निघेल याचा भरवसा नसतो, आणि आपण नेमकं कुठे बसायचं हे त्याला कळत नाही.

मला त्या मेसेजशी भांडायचं आहे, आणि त्या पोराच्या घरातल्या मोठ्या माणसांशीही.

मेसेजमागचा समज असा: हैदराबाद संस्थान मुसलमानांचं होतं. १९४८ मध्ये ते गेलं. म्हणून इथल्या मुसलमानांना भारत सरकार कधी मनापासून रुचलं नाही, आणि आजही त्यांनी दरवर्षी निष्ठा सिद्ध करून दाखवली पाहिजे. यातलं पहिलं वाक्यच खोटं आहे, आणि ते खोटं मूळचं कोणाचं हे मेसेज पाठवणाऱ्याला कळलं तर त्याला घाम फुटेल. ते मजलिसे-इत्तेहादुल मुस्लिमीनचं आहे. बहादूर यार जंग यांनी 'अनल मलिक' ही कल्पना लोकप्रिय केली: सत्ता एकट्या निजामाची नाही, राज्यातला प्रत्येक मुसलमान सत्ताधीश आहे, निजाम हे त्या सत्तेचं नुसतं प्रतीक. १९४४ मध्ये ते वारले. पुढे लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीने हीच कल्पना उचलली, तिला लाठी आणि बंदूक जोडली आणि रझाकार संघटना फोफावली. संस्थानात मुसलमान साधारण आठात एक. त्यातले बहुसंख्य कापूस पिंजणारे, विणकर, कसाई, अत्तार, दर्ग्याचे मुजावर, चपराशी, शेतमजूर. दिवसभर पिंजण मारून रात्री कोरडी भाकरी खाणाऱ्या माणसाला रझवी सांगत होता की तू बादशहा आहेस. आज 'निजामाचं राज्य म्हणजे तुमचं राज्य' असं म्हणणारा माणूस कोणाची भाषा बोलतो आहे ते त्याने बघावं. रझवीने गरिबाला खोटा मुकुट घातला, आणि त्याच मुकुटाची शिक्षा आज कोणीतरी त्या गरिबाच्या नातवाला देऊ पाहतं आहे.

राज्य कोणाचं होतं? निजामाचे दिवाण म्हणून महाराजा किशन पर्शाद दोनदा बसले. गावोगाव वसुली करणारे, वेठबिगार घेणारे देशमुख-देशपांडे बहुतेक हिंदू होते. तेलंगणात विसनूरचा देशमुख इतका माजलेला की आपल्या जमिनीसाठी कोर्टात लढणाऱ्या बंदगी नावाच्या गरीब मुसलमान शेतकऱ्याचा खून त्याच्या माणसांनी केला. पुढे शेतकरी बंड करून उठले तेव्हा असे देशमुख आणि रझाकार एकाच बाजूला होते. निजामाच्या राज्यात राजा मुसलमान होता, एवढंच खरं. प्रजा ती प्रजाच.

आता आपल्या लोकांना जे ऐकायला आवडत नाही ते. रझाकारांनी जे केलं ते केलंच. ऑक्टोबर १९४६ मध्ये बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात गावच्या गाव कापून काढलं. मराठवाड्यातली हजारो हिंदू कुटुंबं घरदार टाकून सरहद्दीपलीकडे गेली. तिथल्या कॅम्पांतून तरुण हत्यारं घेऊन परत आत आले, नाक्यांवर हल्ले केले, ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. ही लढाई खरी होती. तिला 'पोलिस ॲक्शनच्या आधीची गडबड' म्हणणं हा तिच्यात मेलेल्यांचा अपमान आहे. आपल्याकडच्या काही बैठकांत अजून असं बोललं जातं, म्हणून सांगतो.

आणि आपल्याकडे आणखी एक रोग आहे: 'निजाम का ज़माना'. उस्मानिया विद्यापीठ, उस्मानिया दवाखाना, उस्मानसागर, आणि मग तो सोन्याचा किस्सा, की १९६५ च्या युद्धानंतर निजामाने देशाला पाच हजार किलो सोनं दान दिलं. हा मेसेज आपल्याच ग्रुपवर दरवर्षी छाती फुगवून फिरतो. दान वगैरे काही नव्हतं. सरकारच्या सुवर्ण रोखे योजनेत निजामाने सव्वाचारशे किलोच्या आसपास सोनं गुंतवलं, साडेसहा टक्के व्याजावर. गुंतवणूक होती, वाईट नव्हती, पण तिच्यावर आपली निष्ठा सिद्ध करायला निघालो तर आपण पुन्हा रझवीच्याच शाळेत जाऊन बसतो. निजामाची श्रीमंती म्हणजे आपली श्रीमंती, निजामाचं देशप्रेम म्हणजे आपलं देशप्रेम. आपल्या आज्या-पणज्यांना निजामाने काय दिलं होतं?

अभिमान बाळगायचा असेल तर माणसं आहेत. शोएबउल्ला खान हे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. रझाकारांवर टीका करत राहिले, भारतात विलीन व्हा असं लिहीत राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांना रस्त्यात गाठून मारलं, हात तोडले. ज्या हाताने लिहितो तो हात. वय तिशीच्या आतबाहेर. फरीद मिर्झा महसूल खात्यात अधिकारी होते, नांदेड भागात. रझाकारांचे अत्याचार डोळ्यांनी पाहून त्यांनी नोकरी सोडली, आणि भारतात विलीनीकरणाची जाहीर मागणी करणाऱ्या सात मुसलमानांच्या निवेदनावर त्यांनी सही केली. त्या वातावरणात तसल्या कागदावर सही करणं म्हणजे काय, ते शोएबउल्लांच्या खुनावरून कळतं. मखदूम मोहिउद्दीन शायर होते, कम्युनिस्ट होते. सप्टेंबर १९४७ मध्ये निजामाविरुद्ध सशस्त्र लढ्याची हाक देणाऱ्या तिघांपैकी ते एक.

सतरा सप्टेंबरच्या भाषणांत यातलं एकही नाव मी ऐकत नाही. मशिदीतल्या बयानातही ऐकत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि चारपाच दिवसांत निजाम शरण आला. मुक्तिसंग्रामाची गोष्ट बहुतेक ठिकाणी इथे संपते: तिरंगा फडकला, पेढे वाटले. आमच्या घरांत गोष्ट इथून सुरू होते. जुनी माणसं वयाचा हिशोबच तसा सांगायची: 'पुलिस ॲक्शन के टैम को मैं गोद में थी.' साल नाही, तारीख नाही, 'पुलिस ॲक्शन'. एवढं सांगून पुढे गप्प. ते गप्प राहणं म्हणजे निजामासाठी दुःख होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक अहवाल वाचावा.

संस्थानातून ज्या बातम्या येत होत्या त्या ऐकून पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांना तिकडे पाठवलं. नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबर १९४८ पर्यंत ते नऊ जिल्ह्यांत फिरले, शेकडो माणसांशी बोलले. त्यांचा अंदाज असा की पोलिस ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यांत जास्त झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवडला माणसं पुरवणारा पट्टा. रझवीचं गाव म्हणून लातूरवर विशेष राग निघाला. तिथली कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली आणि दहाएक हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला गावात दिसले, असं त्यांनी नोंदवलं. काही मेले, बाकीचे पळाले. मारणाऱ्यांत स्थानिक होते, सोलापूरकडून आलेल्या हत्यारबंद टोळ्या होत्या, आणि काही ठिकाणी खाकी वर्दीतलेही होते. त्याच अहवालात हेही आहे की अनेक हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. एका धंद्यातल्या माणसांनी एकमेकांना जास्त सांभाळलं, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांच्या घरांना आपलं मानलं. रझाकारांचे अत्याचारही अहवाल लपवत नाही.

सरदार पटेलांना हा अहवाल अजिबात मान्य नव्हता. तो दडपून ठेवला गेला. त्याचे काही भाग आधी छापून आले होते, पण दिल्लीत अभ्यासकांना तो उघडपणे पाहायला मिळू लागला २०१३ च्या सुमारास. पासष्ट वर्षं. आकड्यावर वाद घाला, जरूर घाला. तिघांनी महिन्याभरात केलेली पाहणी ती, शेवटचा शब्द नव्हे. पण सरकारने स्वतः पाठवलेल्या माणसांचं म्हणणं सरकारनेच कपाटात टाकलं, आणि वर त्या गावांतल्या लोकांनी नव्या सरकारवर पहिल्या दिवसापासून डोळे मिटून विश्वास ठेवायला हवा होता, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची?

कल्पना करा, डिसेंबर १९४८. निलंग्याकडच्या एखाद्या खेड्यात एक बाई आहे. नवरा गेला, थोरला पोरगा गेला किंवा कुठे आहे कळत नाही. नव्या सरकारचं पहिलं रूप तिने पाहिलं ते लष्करी गव्हर्नर जनरल जयंतनाथ चौधरी यांचं राज्य, ते १९४९ च्या अखेरीपर्यंत चाललं. त्याच काळात रझाकार म्हणून हजारो माणसं तुरुंगात गेली. त्यांत खरे रझाकार होते, आणि गावकीच्या भांडणात कोणी नाव सांगितलं म्हणून उचललेलेही होते. मग दुसरं रूप: फौज बरखास्त, जहागिरी खालसा. जहागिरी जायलाच हव्या होत्या. पण जहागिरदाराच्या कचेरीतला शिपाई आणि पागेतला मोतद्दारही त्यासोबत रस्त्यावर आला. कोर्ट-कचेरीची उर्दू गेली, उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून चालत आलेलं उर्दू माध्यम गेलं. उर्दू शाळेत चार बुकं शिकलेल्या माणसाचं शिक्षण एका रात्रीत निरुपयोगी झालं.

आणि निजाम? २६ जानेवारी १९५० रोजी, राज्यघटना लागू झाली त्या दिवशी, मीर उस्मान अली खान नव्या सरकारचे राजप्रमुख झाले. १९५६ मध्ये संस्थानचं विभाजन होईपर्यंत ते त्या पदावर होते. तनखा चालू, राजवाडे चालू. पंतप्रधान लायक अली नजरकैदेतून पाकिस्तानला पसार. राज्याचा मालक नव्या सरकारात मानाच्या खुर्चीवर, आणि निलंग्याकडची ती बाई निजामाच्या पापाची धनी. हे ज्याला विचित्र वाटत नाही त्याने 'निजामाची अवलाद' वगैरे बोलू नये. निजामाशी तडजोड दिल्लीने केली होती, आम्ही नाही.

तर त्या बाईचा नव्या सरकारविषयीचा दृष्टिकोन काय असेल? भीती असेल. संशय असेल. थोडी आशाही असेल, कारण अर्ज तर तिने त्याच सरकारकडे केला: घर परत द्या, पोरगा शोधा, जमिनीवर दुसऱ्याने नांगर घातलाय तो थांबवा. मला हा अर्ज फार महत्त्वाचा वाटतो. सरकारवर भरवसा नाही, तरी दाद त्याच्याचकडे मागायची. यात देशद्रोह शोधणाऱ्याला नागरिकत्व म्हणजे काय तेच समजलेलं नाही. ज्यांना हा देश परका वाटत होता ते गेले. रझवी १९५७ मध्ये सुटल्यावर पाकिस्तानला निघून गेला. त्यालाही जाण्याआधी या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील करता आलं, १९५३ मध्ये त्याचा निकालही लागला, त्याच्या विरुद्ध. नव्या सरकारच्या खात्यावर हे जमेला लिहायलाच हवं. लष्करी कायद्यातून निवडणुकीपर्यंत हे राज्य साडेतीन वर्षांत आलं. १९५२ मध्ये त्या बाईने मत दिलं. तिच्या गावातल्या पाटलाच्या मताइतकंच तिचं मत.

आणि हा संशय काय फक्त मुसलमानांच्या मनात होता? तेलंगणातल्या कम्युनिस्टांनी निजाम गेल्यावरही बंदुका खाली ठेवल्या नाहीत. नव्या सरकारशी ते ऑक्टोबर १९५१ पर्यंत लढले. मखदूम या सरकारच्या तुरुंगात गेले, आणि मग याच सरकारच्या विधानसभेत निवडून आले. १९५२ मध्येच हैदराबादमध्ये मुल्की आंदोलन पेटलं: बाहेरून आलेले अधिकारी आमच्या नोकऱ्या खातात म्हणून तरुण रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पोरं मेली. स्टेट काँग्रेसमधल्या गटांचं एकमेकांवर आणि मंत्रिमंडळावर तोंडसुख चालूच होतं. गोविंदभाई श्रॉफ तर मुक्तिसंग्रामातल्या पहिल्या फळीतले. त्यांनी पुढचं सगळं आयुष्य मुंबईतल्या सरकारला मराठवाड्याच्या अनुशेषाचा जाब विचारण्यात घालवलं. १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन आठवा. अनंत भालेराव 'मराठवाडा' दैनिकातून राज्यकर्त्यांना किती झोडपत. यांपैकी कोणाला कधी कोणी 'तुम्हाला भारत सरकार रुचत नाही का?' असं विचारलं? उलट त्यांना आपण जागरूक नेते म्हणतो, आणि ते होतेच. मग हाच जाब एखाद्या शेखने, पठाणने किंवा मोमीनने विचारला की त्याला १९४८ मध्ये का ढकललं जातं?

हा शब्द किती लांब जातो ते पाहायचं तर पूर्वेकडे बघा. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालमध्ये जे स्थानिक मदतनीस दल उभं केलं त्याचंही नाव रझाकार. त्यांनी केलेले गुन्हे भयंकर होते. बांगलादेश झाला, आणि तिथल्या उर्दू बोलणाऱ्या लाखो लोकांवर सरसकट तोच शिक्का बसला. ढाक्यातल्या मोहम्मदपूरच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या वस्त्यांत त्यांच्या दोन पिढ्या सडल्या. तिथल्या उच्च न्यायालयाने त्यांना नागरिक मानायला २००८ साल उजाडलं. पुढे तिथल्या सरकारला सवय लागली: जो विरोधात बोलेल तो रझाकार. जुलै २०२४ मध्ये नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी बोलताना शेख हसीनांच्या तोंडून तोच शब्द आला. त्या रात्री विद्यापीठातली पोरं स्वतःलाच रझाकार म्हणत घोषणा देऊ लागली. शिवीतलं विषच संपून गेलं. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून गेल्या. तिथे मारणारेही मुसलमान आणि मरणारेही मुसलमान. म्हणजे हा रोग धर्माचा नाही. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई ज्याच्या हातात येते त्याला, आपल्याविरुद्ध बोलणारा प्रत्येक जण जुन्या शत्रूचा वारस वाटू लागतो.

आपल्या शहरात परत येऊ. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने शेकडो एकरांवरची हजारो बांधकामं पाडली. भंगाराची गोदामं, छोटे वर्कशॉप, पत्र्याची शेड. त्यात मुसलमान व्यापारी पुष्कळ होते, उत्तर प्रदेशातून येऊन तीस-तीस वर्षं धंदा करणारे, आणि हिंदू व्यापारीही होते. बांधकामं अनधिकृत होती का, आगी लागत होत्या का, नदीत घाण जात होती का, हे सगळे प्रश्न योग्य आहेत. नोटीस किती दिवसांची होती, पर्यायी जागा कुठली, इतकी वर्षं कर आणि वीजबिल घेताना कोण झोपलं होतं, हेही तितकेच योग्य. पण हे दुसरे प्रश्न ज्यांनी विचारले त्यांना मोबाइलवर उत्तर काय मिळालं? 'बांगलादेशी', 'रोहिंग्या'. शेड गेलेल्या माणसाने महापालिकेला हिशोब विचारला, आणि महापालिकेऐवजी त्यालाच देशाचा हिशोब द्यावा लागला. अधिकाऱ्याला याहून सोयीचं काय असतं? त्याच्या टेबलावर प्रश्न पोचतच नाही. चाकणच्या कंत्राटी कामगाराने पीएफ कुठे गेला विचारलं आणि त्याचं आडनाव शेख असलं, तर तिथेही हेच व्हायला वेळ लागणार नाही. आज त्याच्यासोबत उभा राहणारा पाटील किंवा कांबळे हाही पीएफवाचूनच घरी जातो.

माझ्या लोकांना इथेच सांगायचं आहे. सतरा सप्टेंबरला घरात बसणं सोपं आहे. काही जण तर या दिवसाला काळा दिवस म्हणतात. मला त्यांचा राग कळतो, त्यांच्या घरात माणसं गेलेली आहेत. पण आपण गेलो नाही की त्या मंडपातली गोष्ट अर्धीच सांगितली जाते, आणि उरलेली अर्धी आपल्या पोरांना कोणी चुकीच्या सुरात शिकवतो. मजलिस १९५७-५८ मध्ये पुन्हा उभी राहिली. तिचं आजचं राजकारण कोणाला पटो न पटो, तिने रझवीच्या वारशाचा हिशोब कधी नीट चुकता केला नाही, आणि आपणही तो तिच्याकडे कधी मागितला नाही. तो मागायला हवा. शोएबउल्लांच्या खुन्यांच्या बाजूला आपण नव्हतो, हे आपण स्वतःहून, कोणी विचारण्याआधी, आपल्या पोरांना सांगायला हवं. त्यात कोणाला प्रमाणपत्र देण्याचा प्रश्न नाही. तो माणूस आपला होता म्हणून.

आणि मंडप घालणाऱ्यांना सांगायचं ते असं. तुमच्यातल्या कित्येकांच्या आजोबांनी सरहद्दीवरच्या कॅम्पात भाकऱ्या खाल्ल्या, आणि तुमच्यातल्याच कित्येकांच्या आजोबांनी शेजारच्या मुसलमानाला कणगीमागे लपवलं. दुसरी गोष्ट तुम्ही का सांगत नाही? ती तर तुमच्याच शौर्याची आहे. लातूरच्या, नांदेडच्या किती घरांत ती म्हाताऱ्यांनी सांगितलेली आहे, पण माइकवर कधी येत नाही. ती सांगायची म्हणजे त्या मुसलमानाला कोणापासून लपवलं हेही सांगावं लागतं, अडचण तिथे आहे. मग सांगा. लढा त्याने लहान होत नाही. स्वामीजींच्या नेतृत्वाखाली लढलेल्या माणसांना एवढंसं सत्य पेलणार नाही असं मानणं हा त्यांच्याविषयीचा अविश्वास आहे.

तेव्हा येत्या सतरा सप्टेंबरसाठी शहरातल्या मराठवाडावासीयांच्या संस्थांकडे आणि आपल्या मशिदींच्या ट्रस्टकडे एक साधी मागणी आहे. एकच कार्यक्रम घ्या, दोघांनी मिळून, पिंपरीत किंवा भोसरीत, पहिली शिफ्ट सुटल्यावर, म्हणजे कामगारांना येता येईल. अर्जापूरच्या गोविंदराव पानसऱ्यांची माहिती एका मुसलमान पोराने वाचावी, शोएबउल्ला खान यांची एका हिंदू पोराने. सुंदरलाल समितीच्या अहवालातला लातूर-नांदेडचा भाग मराठीत करून मोठ्याने वाचावा, रझाकारांवरचा परिच्छेद न गाळता आणि सैन्यावरचाही न गाळता. मग ज्यांच्या घरात आठवणी आहेत त्यांना बोलू द्यावं, पाच-पाच मिनिटं. म्हातारी माणसं थोडीच उरली आहेत. त्या वेळी जी मांडीवर होती ती आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणी पोरांच्या नोकरीमागे याच शहरात येऊन दोन खोल्यांच्या घरात राहतात. त्यांना आणायला रिक्षाची सोय करावी लागेल. भाषणाला पुढारी नको. पोहे दोन्हीकडून आणता येतील.